लंडनचा पैसा, बार्शीची गाडी

सोलापूरच्या सिटी बसनं परदेशात पैसा गुंतवावा का? हा प्रश्न शहरात कुणी विचारलाच, तर 'गुंतवायला आहे काय?' असा उलट सवाल आधी येईल. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची कहाणी सोलापूरकरांना पाठ आहे. केंद्राच्या नेहरू अभियानातून नव्या कोऱ्या बस आल्या, त्यातल्या अनेकींच्या चासीला तडे गेले, गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि प्रवासी निमूटपणे रिक्षात बसले.

जगातल्या काही शहरांत मात्र हाच प्रश्न खरोखरीचा आहे. हाँगकाँगच्या मेट्रो कंपनीत मोठा वाटा तिथल्या सरकारचा. ही कंपनी 2009 पासून स्टॉकहोमची मेट्रो चालवत होती आणि 2025 पर्यंत लंडनची एलिझाबेथ लाइनही तिच्याकडे होती. मेलबर्नच्या लोकल गाड्यांतही तिचं भांडवल आहे. घरी 2018 मध्ये नव्या मार्गाच्या बांधकामातला सळया कापल्याचा घोटाळा बाहेर आला आणि लोकांचा सूर बदलला. भाडं आम्ही भरायचं, स्थानक नीट बांधायचं नाही आणि साहेब युरोपात निविदा भरणार, अशी ती तक्रार. 2024 च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या उपनगरी गाड्यांचा करार कंपनीला मुदतीआधीच सोडावा लागला. त्यामुळे टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

नेदरलँड्सच्या सरकारी रेल्वेचं प्रकरण तर आणखी बोलकं. तिनं 'अबेलिओ' नावाची उपकंपनी काढून ब्रिटन आणि जर्मनीत गाड्या चालवायला घेतल्या. 2021 मध्ये जर्मन अबेलिओवर दिवाळखोरीची पाळी आली. 2022 च्या 1 एप्रिलला स्कॉटलंडनं अबेलिओकडच्या आपल्या गाड्या सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि 2023 मध्ये ब्रिटनमधला उरलेला धंदाही विकला गेला. डच प्रवासी म्हणत होते, आधी इथल्या गाड्या वेळेवर आणा. ब्रिटिश रेल्वे कामगारांच्या संघटना म्हणत होत्या, आमच्या तिकिटाच्या नफ्यावर डच गाड्या चालतात. तक्रार करणारे दोन, देश दोन, कंपनी एकच.

ब्रिटिशांची ही तक्रार सोलापूर जिल्ह्यात बसून ऐकताना गंमत वाटते. कारण शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी पारडं उलटं होतं. पैसा लंडनचा होता आणि तिकीट काढणारा होता बार्शीचा.

बार्शी लाइट रेल्वे कंपनी 1895 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. तिच्यामागचा माणूस एव्हरर्ड कॅलथ्रॉप, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जुन्या लोकांच्या जीआयपीचा इंजिनिअर. जीआयपीचा मोठा मार्ग बार्शीला टाळून गेला होता. कापसाची ही भरभराटीची पेठ आणि सर्वांत जवळचं स्टेशन यांत सुमारे 35 किलोमीटरचं अंतर, तेही बैलगाडीनं. त्या स्टेशनाचं नावच बार्शी रोड. आजचं कुर्डुवाडी ते हेच. कॅलथ्रॉपनं अडीच फुटी रूळ निवडले, कारण हलक्या रुळाला भांडवल कमी लागतं. प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवायचा, हा त्याचा हट्ट. 1897 मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावली. पुढे एक फाटा पंढरपूरला गेला, दुसरा 1911 मध्ये लातूरला पोहोचला आणि 1927 मध्ये मार्ग मिरजेला जाऊन भिडला. एकूण लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. इंजिनं लीड्सची, संचालक लंडनचे आणि गर्दी विठ्ठलाच्या वारीची. (याच कॅलथ्रॉपनं पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. माणूस एका धंद्यात मावणारा नव्हता.)

बार्शीत सिद्ध झालेलं तंत्र उलट्या दिशेनं इंग्लंडलाही गेलं. स्टॅफर्डशायरमध्ये 1904 मध्ये सुरू झालेली एक छोटी रेल्वे त्याच अडीच फुटी रुळावर, त्याच कॅलथ्रॉपच्या देखरेखीखाली बांधली गेली. परदेशातल्या गुंतवणुकीचा फायदा घरी यायला हवा, असं आज हाँगकाँगचे संचालक सांगतात. त्याचा हा अस्सल नमुना.

पण बार्शीकडच्या लोकांच्या वाट्याला काय आलं? गाडी आली हे खरं, आणि लंडनचा पैसा नसता तर ती इतक्या लवकर आली नसती, हेही खरं. मात्र कमी भांडवलाची सोय ज्या अडीच फुटांत होती, त्याच अडीच फुटांत पुढच्या पिढ्यांची गैरसोय होती. मोठ्या रुळावरचा डबा छोट्या रुळावर चढत नाही. म्हणून कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं आणि गाठ हमालांनी उतरवून दुसऱ्या गाडीत भरायची. प्रवाशांनी वळकट्या सांभाळत गाडी बदलायची. 1954 मध्ये भारत सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली तरी रूळ तेच राहिले. कुर्डुवाडी ते लातूर मोठा मार्ग पूर्ण व्हायला 2008 उजाडलं. भागधारकांचा हिशेब केव्हाच मिटला होता. रुळांच्या रुंदीचा खर्च प्रवासी फेडत राहिले.

आणि खुद्द जीआयपी? तिचं प्रकरण याहून मोठं. लंडनमध्ये नोंदवलेल्या या कंपनीच्या भागधारकांना सरकारनं पाच टक्के परताव्याची हमी दिली होती आणि नफा कमी पडला तर भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून पडायची. गाडी भरो वा रिकामी जावो, लंडनमधल्या विधवेच्या लाभांशाला धक्का नाही. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांनी या व्यवस्थेवर आकड्यांनिशी टीका केली ती यासाठीच. धोका एकाचा आणि खात्रीचा फायदा दुसऱ्याचा, हे त्यांना पटत नव्हतं. आणि गाडीत बसणाऱ्याचं काय? 1917 मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गातले हाल लिहिले ते मुंबई ते मद्रास प्रवासातले. ती गाडी पुणे-रायचूरमार्गे, म्हणजे सोलापूरवरूनच जात होती.

अलीकडचं उदाहरण मुंबईचं. 2014 मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा ती चालवणाऱ्या रिलायन्सच्या कंपनीत फ्रान्सच्या व्हेओलियाचा पाच टक्के वाटा होता. भाड्यावरून मोठं वादळ उठलं. सरकार 9 ते 13 रुपये म्हणत होतं, कंपनी 10 ते 40. त्या वादात रोख रिलायन्स आणि सरकारवर होता. फ्रेंच भागीदाराचं नावही फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. लोकांचं लक्ष खिशाकडे असतं, पासपोर्टाकडे नाही.

आता उलटी दिशा. महाराष्ट्रात मुख्यालय असलेली एक रेल्वे देशाबाहेर गेली आहे, ती म्हणजे बेलापूरची कोकण रेल्वे. चेन्नईच्या कारखान्यात बनलेल्या दोन डिझेल गाड्या तिनं 2020 मध्ये नेपाळला दिल्या. तिथे चालवायला माणसं आणि नियम तयार नव्हते, म्हणून त्या गाड्या दीडेक वर्ष नुसत्या उभ्या राहिल्या. अखेर 2022 च्या एप्रिलमध्ये जयनगर-कुर्था सेवा सुरू झाली, तीही कोकण रेल्वेच्या तंत्रज्ञांच्या मदतीनं. मात्र ही गुंतवणूक नव्हे. भांडवल अडकवलं नाही, काम केलं आणि पैसे घेतले. म्हणूनच रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्यावर वाद झाला नाही. तिथला वाद दुहेरी मार्गाचा, गणपतीतल्या आरक्षणाचा आणि भारतीय रेल्वेत विलीन होण्याचा आहे. विलीनीकरणाला महाराष्ट्र सरकारनं 2025 मध्ये संमती दिली.

सोलापुरापुढचा विषय मात्र आत येणाऱ्या पैशाचा आहे. पीएम ई-बस सेवा योजनेत शहराला विजेवरच्या बस मंजूर आहेत. या योजनेत बस ठेकेदाराची असते आणि पालिका प्रत्येक किलोमीटरमागे पैसे मोजते. पुण्यात 2019 पासून धावणाऱ्या ई-बसमागे हैदराबादची कंपनी आणि तिला तंत्र पुरवणारी चीनची बीवायडी होती. उद्या सोलापुरातही बाहेरचा पैसा आणि बाहेरचं तंत्र येईल, त्यात गैर काही नाही. पालिकेनं पैसे थकवले तर ठेकेदाराला ते मिळावेत, म्हणून केंद्रानं 2024 मध्ये 3,435 कोटींचा वेगळा निधी मंजूर केला. केंद्र ही रक्कम नंतर राज्याकडून वसूल करतं. म्हणजे हमी पुन्हा आली. फरक एवढाच की जीआयपीच्या भागधारकाला गाडी न पाहताही पाच टक्के मिळायचे, आणि या ठेकेदाराला किलोमीटरच्या हिशेबानं मिळणार. ते किलोमीटर मोजणार कोण, न धावलेल्या फेरीचा दंड किती आणि सात रस्ता चौकातून रात्रीची शेवटची बस किती वाजता, हे परिवहन समितीच्या बैठकीत विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते करारावर सही होण्याआधीच विचारावे लागतील.