अ‍ॅप बदलले, तरी वही मिटू नका

नाबार्डने २०१५ मध्ये ई-शक्ती प्रकल्पातून बचत गटांच्या नोंदी संगणकावर घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दोन जिल्ह्यांत आपल्या राज्यातला धुळे होता. आज हिशेबाचे अ‍ॅप अधूनमधून 'नवीन आवृत्ती घ्या' म्हणते. मागे काय घडते?

अ‍ॅपचे काम संगणकाच्या भाषेत लिहितात, आणि त्या भाषेचेही नियम बदलतात. पायथॉन भाषेची तिसरी आवृत्ती २००८ साली आली. दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. प्रोग्राम तयार करण्याच्या पायऱ्या ज्यात लिहितात, ती बिल्ड स्क्रिप्ट. ती जुन्या नियमाने लिहिलेली असेल, तर एक कंस नाही म्हणूनही नवी आवृत्ती काम थांबवते. हे बरेच! चूक तिथेच कळते, आपल्या फोनपर्यंत पोचत नाही.

धोका न अडणाऱ्या बदलाचा. समजा, पेरू विक्रीचे १,१०५ रुपये दहा जणींत वाटायचे आहेत. साध्या भागाकाराला पायथॉनची दुसरी आवृत्ती ११० उत्तर द्यायची, तिसरी ११०.५ देते. काम कुठेच अडत नाही, पण पाच रुपयांचा फरक पडतो.

म्हणून राहात्याच्या गटांना आम्ही सांगतो: नवीन आवृत्ती घेण्याआधी सगळ्यांची बचत, कर्ज, व्याज आणि शिल्लक वहीत उतरवा. नंतर अ‍ॅपशी ताडून पाहा. जुळले नाही तर नव्या नोंदी थांबवा, बैठकीत सांगा. पैसा आपला आहे, ताळाही आपणच घ्यायचा.