एक लाइन, हजार कामं

उंबरमाळीत ‘लाइनीच्या पलीकडे’ म्हटलं की रुळांच्या पलीकडे. खर्डी आणि कसारा यांच्यामधलं हे स्टेशन. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली, १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली, आणि रुळांबरोबर ‘लाइन’ हा शब्दही इथे मुक्कामाला आला. आता तो इतका घरचा झालाय की बिनदिक्कत स्त्रीलिंगी चालतो: लाइनी, लाइनीत, लाइनीवर.

लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. त्याच्या धाग्याची ती ‘लिनिया’, आणि तिचीच पुढे इंग्रजीत लाइन झाली. आपल्याकडे दोरा, रेघ, ओळ, रांग अशी वेगवेगळी खाती आहेत. इंग्रजांनी सगळा कारभार एकाच शब्दावर टाकला. आपण तो घेतला खरा, पण मोजूनमापून. वहीत अजून रेघच मारतात, कवितेला ओळच असते. रांगेचं मात्र नुकसान झालं. ती वर्तमानपत्रात उरली, रेशन दुकानावर लाइनच लागते.

रेल्वेच्या जुन्या पद्धतीत पुढच्या स्टेशनच्या मास्तरने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडता येत नसे. आज मुलीकडच्यांनी होकार कळवला, तरी ‘लाइन क्लिअर’. विजेचं गणित जरा गमतीचं आहे. घरातली जाते ती लाइट, शेतपंपाला हवी ती थ्री फेजची लाइन, आणि ती जोडायला खांबावर चढतो तो मात्र वायरमन!

उंबरमाळीच्या शहापूर तालुक्यात या शब्दाचा सगळ्यात बोचरा अर्थ पाण्याचा. तानसा धरण १८९२ सालचं. तिथून मुंबईला पाणी नेणारी भलीमोठी पाइपलाइन. पुढे भातसा धरणाचं पाणीही मुंबईकडे वळलं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तिथेही लाइन असते, पण हंड्या-कळशांची. बाया सावलीला बसतात, त्यांच्या वतीने भांडी उन्हात उभी. कुणी दुसरीचा हंडा मागे सरकवला, तर पुढचा तमाशा आख्खा पाडा ऐकतो. पाण्याची लाइन शहराला आणि पाण्यासाठीची लाइन पाड्याला, ही वाटणी कोणत्याच शब्दकोशात सापडायची नाही.

राहता राहिलं ‘लाइन मारणं’. हा अर्थ नेमका कुठून उगवला, ते लोकलच्या दारात उभ्या पोरांना विचारून पाहा. ती हसतील, पण लाइनीवर यायची नाहीत.