पोटात राहिलेला टॉवेल

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक महिला बाळंत झाली आणि तिथेच तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पुढे ताप चढला, पोट असह्य दुखू लागलं. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल आणि पू सापडला. २४ जुलैला ती वारली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली, उच्च न्यायालयाने शासनाला सोडलं, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाला पुन्हा जबाबदार धरलं. पोटात टॉवेल राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असं कोर्टाने मानलं. खोडवा खटला म्हणून हा निकाल वकील आजही दाखवतात.

अशा राहिलेल्या कापडाभोवती होणाऱ्या गाठीला डॉक्टर ‘गॉसिपिबोमा’ म्हणतात. गॉसिपियम म्हणजे कापूस, आपल्या वऱ्हाडाचंच पीक. कापूस शरीरात विरघळत नाही. कधी त्यात पू होतो, कधी आतडं अडतं. कधी त्याभोवती आवरण तयार होऊन वर्षानुवर्षं नुसतं दुखत राहतं.

गोव्यातल्या एका सरकारी नर्सचं असंच झालं. १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया, आणि पोटातलं कापड कळलं २००२ मध्ये. तिने २००४ मध्ये ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. एवढी वर्षं दुखत होतं, स्वतः अनुभवी नर्स, मग डॉक्टरांकडे का गेली नाही, असा कोर्टाचा सवाल होता. मला हा निकाल कठोर वाटतो. नर्सला जे जमलं नाही, ते अकोल्यातल्या एखाद्या गृहिणीला कसं जमावं? आपल्या घरांत सिझेरियननंतर बाई दोन-दोन वर्षं पोट धरून बसते. सासू म्हणते, टाके आहेत, दुखणारच; बाई म्हणते, तकदीर. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वेगळीच.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर ताप, जखमेतून पाणी किंवा न थांबणारं दुखणं असेल तर दाखवा आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करायचा का ते विचारा. डिस्चार्ज कार्ड राशनकार्डासारखं जपा. केसपेपर लेखी मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांत द्यायचे असतात. भरती रुग्णाचे कागद मात्र तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे.

पैसे घेणाऱ्या दवाखान्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अमरावतीत आणि अकोल्यात, दोन्हीकडे आयोग आहे. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या दवाखान्यासाठी ही वाट नाही. तिथे दिवाणी कोर्ट, जसं औरंगाबादच्या त्या नवऱ्याने गाठलं. त्याची मुदत निराळी असते, तेव्हा वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारलेलं बरं.