कर्ली नदीत कयाक घालताय? आधी तिथी बघा, मग वल्हं उचला

मालवण : दिवाळीची सुट्टी लागली की तारकर्ली, देवबागला पर्यटक येतात, मुंबईचे चाकरमानीही गावात असतात. कर्ली नदीत कयाक घेऊन फिरायची हौस वाढली आहे. वरून पाणी शांत दिसतं, पण ही नदी समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटीचाच कारभार चालतो. म्हणून निघण्याआधी थोडा हिशेब करायला हवा.

धोका नेमका कुठे?

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम, पलीकडे वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. ओहोटी लागली की नदीचं पाणी या तोंडातून समुद्राकडे ओढ घेतं. नवशिका माणूस ताशी ३ ते ४ किलोमीटर वल्हवतो. समोरून ताशी ३ किलोमीटरची ओढ असेल, तर तासभर हात मोडून जेमतेम १ किलोमीटर पुढे जाल. दमलात की पाणी नेईल तिकडे जावं लागणार.

तिथीचा हिशेब

कोकणातल्या जुन्या माणसांचा ठोकताळा सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज आहे. पक्की वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. शिवाय नदीत जितकं आत जाल, तितकी भरती उशिरा पोचते.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी त्यामानाने मवाळ.

उदाहरणार्थ, एकादशी

११ ची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सातला उजाडल्यावर निघालात, तर चढत्या पाण्याबरोबर नदीच्या आतल्या बाजूला जाता येतं. सव्वाआठ-साडेआठला पाणी थबकतं. तिथून वळलात की उतरतं पाणीच परत आणतं. दहाच्या आत किनाऱ्याला लागा. मात्र उतरायची जागा संगमाच्या बरीच आधी ठरवून ठेवा आणि तिथे कोणीतरी वाट बघत उभं असू द्या.

आता पौर्णिमा घ्या. भरती सव्वाअकराला. परतायची वेळ भर दुपारची. सकाळचा मतलई वारा तोवर पडलेला असतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. पाणी समुद्राकडे, वारा समुद्राकडून, अशी टक्कर झाली की लाटा उसळतात. नवशिक्यांनी असा दिवस टाळलेला बरा.

निघताना एवढं कराच

- लाइफ जॅकेट अंगात घाला, पट्टे आवळा. कयाकमध्ये ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही.
- एकट्याने जाऊ नका. किमान दोन कयाक आणि रोज नदीत असणारा एक स्थानिक माणूस सोबत हवा.
- कुठून निघणार, कुठवर जाणार, किती वाजता परतणार, हे घरी सांगून जा.
- मोबाईल पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा. मदतीसाठी ११२, तटरक्षक दलासाठी १५५४.
- मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. जाळी फाटली तर एखाद्याची दिवसाची कमाई जाते.
- तिवरांच्या मुळांत, कालवांच्या खडकांवर अनवाणी उतरू नका. कालवाची धार पाय चिरते.
- कयाक उलटली तर सोडू नका, धरून राहा. ती तरंगते आणि लांबून दिसतेही.

पावसाळ्यात नाहीच

दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. पावसात डोंगराचं पाणी उतरतं, नदी गढूळ होते, वाहून आलेली लाकडं दिसत नाहीत. बंदीच्या आधीचे दिवसही बेभरवशाचे असतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता.

घरगुती निवास चालवणाऱ्यांनी पाहुण्यांना नाश्त्याची वेळ सांगतानाच भरतीची वेळही सांगावी. पाहुणा हट्ट धरेल, ‘पाणी तर शांत आहे’ म्हणेल. अशा वेळी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण नाही म्हणायचं.