शब्दार्थ पाठ, वाक्य कोरं

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी वहीतली ‘शब्द-अर्थ’ अशी दोन रकान्यांची घोकंपट्टी काही सुटत नाही. ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ केलेलं मूल, मुंबईतली मार्वे-मनोरी फेरीबोटही ‘रन’ होते, दुकानही ‘रन’ करतात आणि नळाचं पाणीसुद्धा ‘रन’ होतं म्हटल्यावर गोंधळणारच. तर्खडकरांची इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला शब्द वाक्यात घालूनच शिकवते, ते उगीच नाही. पाठांतराशिवाय शब्दसाठा होणार कसा, हा आक्षेप मात्र खरा: सुरुवातीचे शे-पाचशे शब्द घोकावेच लागतात. पण पुढे प्रत्येक शब्दासोबत एक वाक्य लिहावं आणि आठवड्याने अर्थ आणि वाक्य झाकून दोन्ही आठवून पाहावं. नुसत्या पुनर्वाचनापेक्षा असं आठवलेलं जास्त टिकतं.