जिना उतरल्यावर पुढं काय?

29 सप्टेंबर 2017. दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची वेळ, धो धो पाऊस. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर माणसं पाऊस थांबायची वाट बघत उभी होती. मागून लोकल येतच होत्या. चेंगराचेंगरी झाली, 23 जण गेले. ना गाडी घसरली, ना पूल कोसळला. माणसांना पुढं सरकायला जागा नव्हती.

या भागातल्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे टॉवर उभे राहिले, जिना मात्र होता तेवढाच राहिला. नंतर लष्करानं तिथं नवा पूल बांधला, फेब्रुवारी 2018 मध्ये तो खुला झाला. पूल हवाच होता. पण जिन्याची शेवटची पायरी जिथं टेकते, तिथं कुणाचंच लक्ष नसतं.

परवा एका उपनगरी स्टेशनवर मी एका आजींच्या मागं होतो. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात कठड्यावर. शेवटची पायरी उतरल्या आणि थबकल्या. समोर शेअर रिक्षांची रांग, फुटपाथवर आडव्यातिडव्या मोटारसायकली, कडेला गटाराचं फुटलेलं झाकण. ‘‘आजी, चला ना पुढं!’’ मागून ओरडा सुरू झाला. आजी कुठं जाणार होत्या?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या निकषानुसार फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. स्टेशनबाहेर ती टेप लावून बघावी. जागा अडली की पहिलं बोट फेरीवाल्याकडे जातं, आणि स्टेशनपासून 150 मीटरच्या आत त्याला मनाई आहेच. फुकटात तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल मात्र आपण चकार शब्द काढत नाही.

2008 मध्ये वांद्र्याला स्टेशन ते कलानगर स्कायवॉक झाला, मग उपनगरांत त्यांची रांगच लागली. चालणाऱ्यालाच पुन्हा वर चढवायचं आणि जमीन वाहनांना सोडायची, हे मला पटत नाही. ठाणे स्टेशनबाहेर पश्चिमेला ‘सॅटिस’ प्रकल्पानं बसच वरच्या डेकवर नेल्या. तिथंही रिक्षांची गर्दी आहे, पण विचाराची दिशा बरोबर आहे: चढ इंजिनानं चढावा, गुडघ्यांनी नव्हे. जिन्याच्या पायथ्यापासून पन्नास पावलांत एकही चाक येऊ दिलं नाही, तर भाजीची पिशवी खाली ठेवून आजींना घटकाभर दम खाता येईल.