ऑनलाइन औषधशोध आणि फ्रीलान्स प्रोग्रॅमरशी करार

फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगरची बाजारपेठ दूर नाही, तरीही एखादा कल्प दुकानात नसला की रुग्णच मोबाइल पुढे करून "हेच का ते?" असे विचारतो. निरनिराळ्या ऑनलाइन बाजारांतील औषधे एकत्र शोधून दाखविणारे साधन आपल्यापाशी असावे, असे अशा वेळी वैद्यास व औषधालय-चालकास वाटणे स्वाभाविक आहे. मोठी कंपनी परवडत नाही, म्हणून हे काम बहुधा फ्रीलान्स प्रोग्रॅमरकडे जाते.

प्रोग्रॅमरला संगणक कळतो, द्रव्यगुण नव्हे. 'ब्राह्मी' असे टंकले की बकोपा मोनिएरीबरोबर मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, हीदेखील समोर येते. शंखपुष्पी या एका नावाखाली तर कन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस व गोकर्ण अशा तीन वनस्पती वापरल्या जातात. रास्नेची कथा वेगळी नाही. म्हणून संस्कृत, मराठी व लॅटिन नावे, तसेच रोमन लिपीतील नाना स्पेलिंगे यांची सारणी वैद्यानेच करून द्यावी. हे काम कंटाळवाणे आहे हे आम्ही मान्य करतो. पण ते टाळले तर साधन वेगाने चुकीचे उत्तर देईल, इतकेच!

दुसरी बाब परिशिष्ट ई (१) ची. वत्सनाभ, विषमुष्टी, भल्लातक, पारद, हिंगूळ आदी त्यातील द्रव्ये असलेली औषधे वैध प्रिस्क्रिप्शन अपलोड झाल्यावरच ऑनलाइन विकावीत, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली दिली. आरोग्यवर्धिनीत पारद आहे. तेव्हा शोधात ती आली की ठळक खूण दिसलीच पाहिजे. माहिती घेताना बाजाराच्या अधिकृत जोडणीतूनच घ्यावी. पाने चोरून उतरविणारा प्रोग्रॅम स्वस्त पडतो खरा, पण तो केव्हाही बंद पडतो.

आता कराराकडे वळू. पैसे दिले म्हणजे प्रोग्रॅम आपला झाला, ही समजूत चुकीची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती गणली जाते. पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाते. स्वतंत्र कंत्राटदाराच्या कामाची सामान्यतः त्याच्याकडेच राहते. ती आपल्याकडे यावी यासाठी लेखी व सहीनिशी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते मानले जाते. संकेतस्थळाचे नाव व सर्व्हरचे खाते प्रथमपासून औषधालयाच्याच नावे असावे. अखेरचा हप्ता मात्र मूळ कोड हाती आल्यावर, आणि दुसऱ्या एखाद्या जाणकाराने तो चालवून पाहिल्यावरच द्यावा.